नवीन अ‍ॅम्ब्युलन्स सर्व्हिससाठी बिऱ्हाड हलवावं का?

एएलएस_गाडी:
नमस्कार मंडळी. मी पॅरामेडिक, बरीच वर्षं एकाच शहरात एएलएस (अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट) गाडीवर आहे. आता लांबच्या भागात एक नवीन अ‍ॅम्ब्युलन्स सर्व्हिस सुरू होतेय आणि त्यांच्याकडून टीम लीडरची ऑफर आलीय. गाड्या कोऱ्या, मॉनिटर-डिफिब (हृदयाचे ठोके दाखवणारं आणि शॉक देणारं मशीन) नवे, पॉवर स्ट्रेचर, पगार पण इथल्यापेक्षा बरा. उत्तर लवकर द्यायचंय.

तो भाग खूप पसरलेला आहे. कॅथलॅब (जिथं अँजिओप्लास्टी होते) आणि न्यूरोसर्जरी असलेलं हॉस्पिटल दीड तासावर. इथं मी पेशंट उचलला की वीस मिनिटांत कॅज्युअल्टी येते, आणि खरं सांगायचं तर त्याचाच कंटाळा आलाय, नीट असेसमेंट होईपर्यंत दार उघडून उतरायची वेळ, मग आत बेड मिळेपर्यंत कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचर धरून उभं राहायचं आणि तेवढ्यात कंट्रोल रूम पुढचा कॉल घेऊन तयार. पाठ पण बोलायला लागलीय. तिकडे पेशंट दीड तास माझ्या हातात असेल, मला ते हवंय, आणि त्याचीच धास्ती पण आहे.

बायको तयार आहे पण तिला नोकरी सोडावी लागेल, मुलगी शाळेत आहे. नवीन सर्व्हिस जॉईन करण्याआधी नक्की काय काय विचारून घ्यावं? कुणी पहिल्या बॅचमध्ये काम केलंय का? नुसतं जा किंवा नको असं लिहू नका, कारण पण लिहा प्लीज.

रात्रपाळी:
पहिल्या बॅचमध्ये होतो म्हणून लिहितो. गाडी आणि मॉनिटर बघून हो म्हणू नका. नवीन सर्व्हिसमध्ये सगळ्यात आधी गाड्या येतात कारण त्यांचा फोटो निघतो, बाकीचं मागून येतं. पहिला प्रश्न हा विचारा की मेडिकल डायरेक्टर, म्हणजे सर्व्हिसच्या उपचारांची जबाबदारी असलेला डॉक्टर, कोण. नाव सांगतात की "प्रोसेस चालू आहे" म्हणतात? डायरेक्टर ठरलेला नसेल तर प्रोटोकॉलवर, म्हणजे उपचारांच्या लेखी नियमांवर, सही कोणाची? आणि सही नसेल तर तुम्ही जे औषध देणार ते कोणाच्या अधिकारात देणार?

प्रोटोकॉलची पीडीएफ मागा आणि औषधांची यादी मागा. आम्ही रस्त्यावर उतरलो तेव्हा ओपिऑइड (मॉर्फिनसारखी कडक वेदनाशामकं) ठेवायचं लायसन्सच झालं नव्हतं. मांडीचं हाड मोडलेला एक तरुण आणि आमच्या बॅगेत पॅरासिटामॉल. ट्रॅक्शन स्प्लिंट (पाय ताणून धरणारा आधार) लावला, गाडी अगदी हळू घेतली, तरी प्रत्येक खड्ड्याला तो माझं मनगट असं आवळायचा की उतरल्यावर त्याच्या बोटांचे वळ दिसत होते. कपाटात सगळ्या सुया, सगळे कॅन्युला रंगानुसार लावलेले, कोरे, आणि ज्याची गरज होती तेच नाही.

अजून एक. रात्री तीन वाजता प्रोटोकॉलच्या काठावरची केस आहे, तुम्ही फोन लावलात, तो कोण उचलतं? गाडीत काय असतं हे माहीत असलेला डॉक्टर, की त्या वेळी कॅज्युअल्टीत जो मोकळा असेल तो? आणि केस झाल्यावर काय होतं तेही विचारा. कार्डियाक अरेस्टनंतर (हृदय बंद पडण्याच्या केसनंतर) मॉनिटरचा डेटा कुणी काढून बघतं का, छातीवरचे कम्प्रेशन मिनिटाला १०० ते १२० मध्ये होते का, मध्ये किती वेळ हात थांबले होते, श्वासनलिकेत ट्यूब टाकली तर कॅप्नोग्राफीची (श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची) वेव्हफॉर्म सेव्ह आहे का. जिथं हे बघतात तिथं माणूस शिकतो. जिथं फक्त तक्रार आली की फाईल उघडतात तिथं चांगली माणसं टिकत नाहीत.

कंट्रोलरूम_ताई:
मी गाडीवर नसते, डिस्पॅचला बसते, त्यामुळे माझे प्रश्न वेगळे.

ते तुम्हाला रिस्पॉन्स टाइम सांगतील, बहुतेक ८ मिनिटं वगैरे. हा ८ चा आकडा जुना आहे, १९७९ साली अमेरिकेत किंग काउंटीत, म्हणजे सिएटलच्या भागात, कार्डियाक अरेस्टचा अभ्यास झाला, त्यात ४ मिनिटांच्या आत सीपीआर आणि ८ मिनिटांच्या आत अ‍ॅडव्हान्स्ड केअर मिळालेल्यांचं जगण्याचं प्रमाण सगळ्यात चांगलं निघालं. तिथून तो आकडा सगळ्या कॉलना चिकटला. पसरलेल्या भागात कुणी सरसकट ८ मिनिटांचं आश्वासन देत असेल तर गाड्या किती आणि कुठे उभ्या करणार ते नकाशावर दाखवायला सांगा. सरासरी सांगितली तर ९०वा पर्सेंटाइल विचारा, म्हणजे दहातल्या नऊ कॉलना किती वेळात पोचणार. आणि घड्याळ कधी सुरू होतं? फोन उचलला तेव्हा की गाडीचं चाक फिरलं तेव्हा? नंतरचं असेल तर आकडा आपोआप गोड दिसतो.

दुसरं म्हणजे गाडीचा वापर. हिशोब साधा असतो, पेशंट भागिले गाडीचे तास. शहरात १२ तासांत सहा पेशंट नेले तर ०.५, आणि ती गाडी दमलेली समजतात. तुमच्या त्या भागात एक फेरी जाऊन येऊन चार तासांची धरा. १२ तासांत तीनच पेशंट होतील, कागदावर ०.२५ दिसेल, मॅनेजर म्हणणार गाडी रिकामीच असते मग दुसरी कशाला, आणि तुम्ही मात्र शिफ्टभर रस्त्यावर, जेवायला सुद्धा वेळ नाही. टीम लीडर म्हणून हे भांडण तुमच्याच गळ्यात पडणार आहे. तुमची गाडी दीड तास लांब गेलेली असताना मागच्या भागात कोण कव्हर देणार हे आत्ताच विचारा, लेखी.

आणि डिस्पॅचर कोण आहेत ते बघा. फोनवर सीपीआर सांगून करून घेण्याचं ट्रेनिंग दिलंय का? गाडी लांब असेल तेव्हा त्या पेशंटची पहिली पंधरा मिनिटं आमच्या आवाजावरच असतात. हे लोक नेहमी विसरतात म्हणून जोर देऊन लिहितेय.

कोरा_कागद:
आधी रजिस्ट्रेशन. नव्या हद्दीत तुमचं सर्टिफिकेट आहे तसं चालतं का, की परत परीक्षा, परत सुपरवाइज्ड ड्युट्या? ते हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. एसीएलएस (हृदयाच्या इमर्जन्सीचं ट्रेनिंग) वगैरे कार्डं दोन वर्षांची असतात, मध्येच संपत नाहीत ना बघून घ्या. बाँड असेल तर किती काळाचा ते वाचा. आणि ही सर्व्हिस चालते कशावर? टेंडर असेल तर किती वर्षांचं आणि पुढे रिन्यू नाही झालं तर स्टाफचं काय? तुम्ही घरदार हलवून जाणार आणि टेंडर दुसऱ्याला गेलं तर नवीन कंपनी नवीन अटी घालते.

एएलएस_गाडी:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. मेडिकल डायरेक्टरचं नाव मी विचारलंच नव्हतं, आज मेल टाकतो. ०.२५ चा हिशोब वाचून डोळे उघडले. लांबच्या ट्रान्सपोर्टचा अनुभव असलेलं कुणी आहे का? दीड तासात नक्की काय बदलतं?

डोंगरवाट:
मी बराच काळ असंच काम करतोय, हॉस्पिटल लांब, रस्ता वळणाचा. बदलतं ते हे की शहरात तुम्ही पेशंटला पोचवता, इथं तुम्ही त्याच्यावर उपचार करता, आणि दर दहा मिनिटांनी परत बघता की तुमच्या उपचारानं काय झालं. मला हे काम मनापासून आवडतं म्हणून माझं मत थोडं झुकलेलं धरा.

छातीत दुखणारा पेशंट घ्या. १२-लीड ईसीजी काढला, एसटी एलिव्हेशन (मोठ्या हार्ट अटॅकची खूण) स्पष्ट आहे. गाइडलाइन अशी की निदान झाल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टीची वायर जाणार नसेल आणि कॉन्ट्राइंडिकेशन नसेल तर गुठळी विरघळवणारं औषध द्या, आणि ते ठरल्यावर १० मिनिटांत. आता तुमचं दीड तासाचं अंतर, त्यात पेशंट तिसऱ्या मजल्यावरून उतरवायचा, त्यात कॅथलॅबची टीम घरून बोलवायची, १२० कधीच होऊन जातात. म्हणजे तुमच्या गाडीत टेनेक्टेप्लेस, म्हणजे ते गुठळीचं औषध, आहे का, ईसीजी बघून हो म्हणणारा कार्डिऑलॉजिस्ट ऑनलाइन आहे का आणि मध्ये मोबाइलला रेंज आहे का यावर त्या माणसाचं हृदय अवलंबून. हे तिन्ही नसेल तर तुम्हाला दीड तास मॉनिटरकडे बघत बसावं लागेल, आणि ते बसणं फार जड जातं. अ‍ॅक्सिडेंटमध्ये रक्त गेलेल्याला रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड ३ तासांच्या आत आणि जितकं लवकर तितकं चांगलं, लांबच्या भागात माणूस सापडण्यातच तासभर जातो, म्हणून ते गाडीतच हवं. स्ट्रोकला गुठळीचं औषध द्यायला साडेचार तास म्हणतात पण ते लक्षण सुरू झाल्यापासून, तुम्ही पोचल्यापासून नाही.

ऑक्सिजनचा हिशोब तोंडपाठ करा. ६८० लीटरचा पोर्टेबल सिलिंडर १५ लीटरवर लावला तर ४५ मिनिटं. दीड तासाच्या रस्त्यावर एक पुरत नाही हे उघड आहे, आणि गाडीतला मोठा सिलिंडर रोज सकाळी किती भरलेला असतो ते काटा बघून लिहा, कुणी तोंडी सांगितलेलं घेऊ नका. सक्शनची, मॉनिटरची, इन्फ्युजन पंपाची बॅटरी किती चालते आणि गाडीतलं चार्जिंग खरंच चालू आहे का. मी शिफ्टच्या सुरुवातीला प्रत्येक प्लग काढून परत लावतो, दिवा पेटलेला बघतो, मगच चहा.

आणि मागे तुमच्याबरोबर कोण? एक पॅरामेडिक आणि पुढे पायलट (ड्रायव्हर) एवढीच टीम असेल तर व्हेंटिलेटरवरचा पेशंट किंवा मध्ये अरेस्ट झालेला पेशंट एकट्यानं सांभाळणं शक्य नाही. दुसरा ईएमटी (इमर्जन्सी टेक्निशियन) मागे हवाच, यावर तडजोड करू नका.

जायचं का? मी जाईन. पण औषधांची यादी बघून.

घरची_बाजू:
मी पॅरामेडिक नाही, पॅरामेडिकची बायको आहे, आम्ही असंच शहर सोडून गेलो होतो. सगळ्यांनी गाडीबद्दल लिहिलंय म्हणून मी घराबद्दल लिहिते.

नवीन सर्व्हिसला सुरुवातीला माणसं कमी असतात. रोस्टर छान दिसतं, पण कुणी सोडून गेलं, कुणी आजारी पडलं की डबल ड्युटी टीम लीडरच करतो, कारण तो नाही म्हणू शकत नाही. आम्ही ओळखीच्या सगळ्यांपासून लांब, मुलं लहान, आणि हा माणूस चोवीस तास करून गाडी चालवत घरी येणार. सलग १७ तास जागं राहिलं की माणसाची अवस्था रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते असं अभ्यासात दिसलंय, मी त्याला हे प्रिंट काढून दिलं होतं. शेवटी त्यानं लेखी घेतलं की शिफ्ट किती तासांची, त्यानंतर किती तास सुट्टी, आणि लांब ड्युटीनंतर बेसवर झोपायला जागा. तुम्ही पण घ्या, आणि जॉईन होण्याआधी घ्या.

तुमची मिसेस तयार आहे म्हणताय, पण ती तिथं काय करणार आहे? तिला त्या भागात नोकरीची एक तरी मुलाखत होऊ दे मग ठरवा. मी पहिलं वर्ष नुसती वाट बघण्यात काढलं. आणि वाईट केसनंतर, लहान मुलाची केस असेल तर विशेष, बोलायला कुणी आहे का तिथं? जुन्या ठिकाणी निदान बरोबरचे लोक असतात, रात्री बेसवर बसून बोलून होतं. नवीन ठिकाणी सगळेच एकमेकांना नवीन, मग ते सगळं घरी येतं. न बोलता येतं.

रात्रपाळी:
घरची_बाजू यांच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्या बॅचमधले जे सोडून गेले त्यातले बहुतेक कामामुळे गेलेच नाहीत, घरामुळे गेले.

एएलएस_गाडी:
अपडेट देतो. मेलला उत्तर आलं. मेडिकल डायरेक्टर ठरलेत, प्रोटोकॉलची पीडीएफ पाठवली, सही आणि तारीख आहे. वेदनेसाठी मॉर्फिन आणि केटामाइन यादीत आहेत, टेनेक्टेप्लेस नाही, "दुसऱ्या टप्प्यात" असं लिहिलंय. मागे दुसरा ईएमटी फक्त दिवसाच्या शिफ्टला, रात्री नाही. डोंगरवाट, हे वाचून तुमचं मत काय? मी त्यांना दोन गोष्टी लेखी मागितल्यात, रात्रीचा दुसरा माणूस आणि दुसऱ्या टप्प्याची तारीख. उत्तर येईपर्यंत इथला राजीनामा नाही. बायकोनं तिकडे दोन ठिकाणी अर्ज टाकलेत, आम्ही दोघं मुलीला घेऊन जाऊन येणार आहोत, तेव्हा एक रात्र मी त्यांच्या गाडीवर ऑब्झर्व्हर म्हणून बसायला मिळेल का ते विचारलंय.

डोंगरवाट:
रात्रीच्या माणसाशिवाय नको. बाकी टेनेक्टेप्लेस तुम्ही टीम लीडर म्हणून आत जाऊन लावून धरू शकता, पण त्यांच्या डायरेक्टरशी आधी स्वतः फोनवर बोला आणि थेट विचारा की एसटी एलिव्हेशनचा पेशंट दीड तासावरून मी कसा आणू. ते काय उत्तर देतात ते इथं लिहा, मग पुढचं बोलू. आणि ऑब्झर्व्हर म्हणून बसाल तेव्हा ऑक्सिजनचा काटा स्वतः बघा.