टूटू मंचावरून उतरला, पण पाय वरच राहिले का?

अर्धविराम

गेल्या रविवारी भाचीचा पाचवा वाढदिवस झाला. थीम होती 'बॅलेरिना'. हॉलमध्ये पंधरा मुली आणि पंधरा गुलाबी जाळीचे गोळे, म्हणजे टूटू, बॅले नर्तकीचा फुललेला घागरा. फुगेवाल्यानेही कमरेला एक बांधून घेतला होता. केक छान होता, मुली खूश होत्या, पण घरी येताना मला काहीतरी खुपत राहिलं, म्हणून हा धागा.

लंडनला होते तेव्हा तीन वर्षं मोठ्यांच्या वर्गात बॅले शिकले (वय ३४, गुडघे ६०). त्या तीन वर्षांत टूटू एकदाही अंगाला लागला नाही. काळा लिओटार्ड (अंगाला घट्ट बसणारा एकसंध कपडा), पायमोजे, आणि भिंतीकडच्या दांडीला धरून तेच ते गुडघे वाकवणं. टूटू प्रयोगासाठी असतो, आणि प्रयोग मिळायला वर्षं घालवावी लागतात.

त्याची लांबीसुद्धा उगाच कमी झालेली नाही. अठराव्या शतकात पॅरिसची नर्तकी मारी कामार्गो हिने घागरा घोट्याच्या वर घेतला, कारण उडीत पाय झपाझप आलटून-पालटून ओलांडण्याचं तिचं कसब कापडाखाली झाकलं जाई. १८८५ साली इटलीची नर्तकी व्हर्जिनिया झुक्की सेंट पीटर्सबर्गला गेली आणि तिथल्या रिवाजापेक्षा आखूड घागऱ्यासाठी हटून बसली. दर वेळी कापड वर गेलं ते पायांचं काम दिसावं म्हणून. फॅशनने मात्र जाळी उचलली आणि पाय तिथेच सोडले. मंचावर जो कष्टाचा पोशाख होता, त्याची बाहेर 'नाजूक परी' झाली. मला हे खटकतं. कुणाला उलट वाटत असेल तर जरूर लिहा.

टाचदोरा

साफ असहमत. मी शिवणकामातली आहे, त्यामुळे कापडापासून सुरुवात करते.

१२ मार्च १८३२. पॅरिस ऑपेरा, 'ला सिल्फिड' नावाचा बॅले, नर्तकी मारी टालिओनी. टूटूची गोष्ट लोक इथूनच सुरू करतात. आता त्या पोशाखाची चित्रं बघ: अंगाबरोबर बसणारी चोळी, उघडे खांदे, बारीक कंबर, खाली घंटेसारखा फुललेला पांढरा घागरा. त्या काळी पॅरिसच्या बायका नाचाच्या समारंभांना साधारण याच बेताचे झगे घालून जात. मंचावर तो झगा पातळ झाला आणि पोटरीपर्यंत चढला, इतकंच. म्हणजे टूटू आधी बाहेर होता, मग मंचावर गेला. आता रस्त्यावर दिसतो तर तो बिघडला असं कसं म्हणायचं? माहेरी आलाय!

आणि जाळीबद्दल. १८०८ साली इंग्लंडमध्ये जॉन हीथकोटने जाळी विणण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्याआधी असली जाळी हातानेच व्हायची. टूटूला पुढे थरांवर थर चढले ते यंत्राने जाळी स्वस्त केली म्हणून. जी वस्तू गिरणीच्या जिवावर वाढली तिने बाजारात येऊ नये, हा आग्रह मला कळत नाही.

रातराणी

टाचदोरा +१. आणि 'नाजूक परी'चं म्हणशील तर सेरेना विल्यम्स आठव. २०१८ च्या फ्रेंच ओपनमध्ये ती अंगाला घट्ट बसणारा काळा सूट घालून खेळली. बाळंतपणानंतर रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झाला होता, त्यासाठीही तो उपयोगी होता. फ्रेंच टेनिस महासंघाच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की असले कपडे यापुढे चालणार नाहीत. त्यावर बाई यूएस ओपनला काय घालून आल्या? टूटू! याला म्हणतात उत्तर.

थालीपीठ

गोष्ट झकास आहे, पण क्रम चुकलाय. डिझायनर व्हर्जिल अब्लोने नायके कंपनीसाठी केलेला तो पोशाख अध्यक्षांचं बोलणं बाहेर येण्याच्या काही दिवस आधीच जाहीर झाला होता. सूडकथा लोकांनी नंतर जुळवली.

रातराणी

बरं, मान्य. पण मग माझा मुद्दा जास्तच बळकट झाला की! कुणाला उत्तर म्हणून नाही, तर स्वतःला हवा म्हणून तो निवडला. त्या दंडांवर, त्या मांड्यांवर तो टूटू. अर्धविराम, तुझे 'मागे सोडलेले पाय' तिथे होते की नाही?

अर्धविराम

सेरेनाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे गं! ती घाम गाळून तिथे उभी होती, म्हणून तो टूटू शोभला. माझा राग कष्टाविना मिरवण्यावर आहे.

टाचदोरा, माहेरची उपमा आवडली, पण मुलगी माहेरी परत येते ती गेली होती तशी येत नाही. १८३२ चा झगा वेगळा आणि पुढे शंभर वर्षांत झालेली आडवी चकती वेगळी. त्या चकतीत दहा-बारा थर असतात, खालचे आखूड आणि ताठ, वरचे लांब. सगळे चड्डीवर ओळीने शिवलेले आणि एकमेकांना सैल टाक्यांनी धरलेले, म्हणजे उडीनंतर सगळे मिळून एकदमच खाली बसतात. पाठीला हुकांच्या एकाहून अधिक रांगा, कारण तोच टूटू पुढे दुसरी घालणार. आतल्या पट्टीवर आधीच्या मुलींची नावं असतात. हे सगळं पार्टीवेअरच्या दुकानात कुठून येणार?

साशंक

दोघींचं वाचतोय. अर्धविराम यांचं 'पायांचं काम दिसावं म्हणून कापड वर गेलं' हे फार सोज्वळ वाटलं. पॅरिस ऑपेराचे श्रीमंत वर्गणीदार नाचणाऱ्या मुलींच्या दालनात जाऊन बसत, आणि ते पायांचं तंत्र अभ्यासायला जात नसत. चित्रकार देगाने १८८१ साली प्रदर्शनात मांडलेला मेणाचा पुतळा आठवा, चौदा वर्षांची नर्तकी. मेणाच्या अंगावर खऱ्या कापडाचा घागरा होता. ती मुलगी, मारी व्हान गोथेम, धोबिणीची लेक. पुढच्याच वर्षी ऑपेराने तिला काढून टाकलं, कारण तालमींना गैरहजेरी. 'टूटू' हा शब्दही फ्रेंच पोरांच्या बोलीत ढुंगणाला म्हणतात त्यावरून आला, असं सांगतात. तेव्हा मंचावर पावित्र्य आणि बाजारात भ्रष्टता अशी वाटणी करू नका. बाजार विंगेतच बसलेला होता.

आता त्याहून वाईट. एमा लिव्ही ही टालिओनीची शिष्या. तेव्हा मंचावर गॅसचे दिवे असत. जाळी पेटू नये म्हणून ती एका द्रावणात बुडवायची सोय झालेली होती, पण तसं कापड ताठ आणि कळकट दिसतं म्हणून एमाने ते नाकारलं. नोव्हेंबर १८६२ मध्ये तालमीत घागऱ्याला गॅसची ज्योत लागली. आठ महिने यातना भोगून ती गेली. वय वीस. त्या पोशाखाचे जळके तुकडे पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवलेत. दिसण्यापायी मंचानेही काही कमी किंमत मोजायला लावलेली नाही.

रातराणी

हे माहीत नव्हतं. दोन मिनिटं काही लिहिता आलं नाही.

टाचदोरा

साशंक, जबरी प्रतिसाद. मी फक्त एक पुरवणी जोडते. बॅलेनेच टूटू कितीदा टाकलाय! १९५१ साली न्यूयॉर्कचा नृत्यरचनाकार बॅलंचिन याने आपल्या एका जुन्या रचनेतले भरजरी पोशाख काढून नर्तकांना सरावाच्या कपड्यांत नाचवलं, आणि नंतर तीच त्याची खूण झाली. तोच माणूस दुसरीकडे पोशाख करणाऱ्या कारिन्स्काकडून नवा टूटू करून घेत होता, आतली तारेची कडी काढून टाकलेला, कमी थरांचा, मऊ. कारण गर्दीच्या नाचात कडीवाले टूटू एकमेकांवर आपटत. म्हणजे घरातच एकमत नाही. १९७४ पासून न्यूयॉर्कची ट्रॉकाडेरो ही बॅले मंडळी पुरुषांना टूटू घालून नाचवते, तेही पायाच्या बोटांच्या टोकांवर. १९९५ साली नृत्यरचनाकार मॅथ्यू बॉर्नने 'स्वान लेक' बॅलेतले हंस पुरुष केले आणि टूटू काढून पिसांच्या विजारी दिल्या. 'खरा टूटू' नक्की कुठला म्हणायचा?

अवांतर : आपल्याकडे घागऱ्याखाली जी ताठ जाळी लावतो तिला आम्ही सगळे 'कॅनकॅन' म्हणतो. तेही पॅरिसच्याच एका नाचाचं नाव, आणि तो बॅलेहून कितीतरी वांड! गिऱ्हाइकं बिनधास्त सांगतात, "ताई, कॅनकॅन जरा जास्त घाला." कुणाला पाय उडवता येतात का, हे मी विचारत नाही.

थालीपीठ

'सेक्स अँड द सिटी' या अमेरिकन मालिकेच्या सुरुवातीला नायिका कॅरी जो पांढरा टूटू घालून न्यूयॉर्कच्या रस्त्यावर चालते, तो वेशभूषाकार पॅट्रिशिया फील्डने एका टोपलीतून ५ डॉलरला उचलला होता. बस जाते आणि चिखल उडतो. २०२४ मध्ये लिलावात तो ५२,००० डॉलरला गेला. कष्ट कुणाचे, किंमत कुणाची, ते तुम्ही ठरवा. मी खुर्ची घेऊन बसलोय.

अर्धविराम

थालीपीठ, पण त्या दृश्यात गंमत टूटूची नाहीच. मंचावरच्या कपड्याला रस्ता काय करतो, ते त्यात दिसतं. तो चिखल मला चालतो. त्या बाईने तो अंगावर घेतला.

साशंक, वर्गणीदारांचा मुद्दा मान्य. मी सोयीस्कर विसरले होते. कामार्गो-झुक्कींच्या नावावर सगळं खपवून नेलं. तरी एक सांगते: त्या दालनात बसणाऱ्यांना फक्त जाळी दिसत होती, आणि मुलींना गुडघे दुखताना माहीत होतं की आपण काय करतोय. माझी तक्रार आता एवढीच उरली, की आपण वर्गणीदारांच्या बाजूने टूटू उचलला, मुलींच्या बाजूने नाही. यावर भांडायला तयार आहे.

साशंक

पाच वर्षांची पोर कुठल्याच बाजूने उचलत नाही हो. तिला गोल फिरल्यावर घेर उठतो ते आवडतं. कामार्गोलाही पहिल्यांदा तेच आवडलं नसेल कशावरून?

सायलीची_आई

एवढ्या जोरात चर्चा चालू आहे आणि मी मध्ये घुसते, माफ करा. परवा लेकीला असाच फ्रॉक घातला, अर्ध्या तासात रडायला लागली, मांड्यांवर लाल चट्टे. फेकून देऊ का?

टाचदोरा

अगं फेकू नको. स्वस्त जाळीची कापलेली कड मांडीला घासते. आत सुती अस्तर शिवून घे, जाळीपेक्षा बोटभर लांब, म्हणजे कड कातडीला लागणार नाही. कमरेची शिवण टोचत असेल तर तिच्यावर मऊ पट्टी मार. मशीनमध्ये धुऊ नकोस, गार पाण्यात नुसता बुचकळून काढ. आणि घडी घालायची नाही, उलटा टांगायचा, नाहीतर घेर पडतो. मंचावरचे टूटूही उलटेच ठेवतात.

अर्धविराम

उलटा? तीन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भाचीच्या आईला आत्ताच फोन करते, तिने घडी घालून कपाटात कोंबलाय.