मान्यता सीमेची की दर्जाची?

एखाद्या द्राक्षप्रदेशाला अधिकृत मान्यता मिळाली की तेथील वाइनच्या दर्जाचीही हमी मिळते, या मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. अमेरिकेत १९८० साली मिसूरी राज्यातील ऑगस्टा हा अशी मान्यता मिळालेला पहिला प्रदेश ठरला. तेथील नियमानुसार बाटलीवर प्रदेशाचे नाव छापायचे असल्यास किमान ८५ टक्के द्राक्षे त्याच हद्दीतील असावी लागतात, मात्र कोणते वाण लावावे किंवा एकरी किती उत्पादन घ्यावे, यावर त्या मान्यतेमुळे कोणतेही बंधन येत नाही. याउलट फ्रान्सने १९३५ मध्ये उभारलेल्या व्यवस्थेत वाण, उत्पादनाची कमाल मर्यादा, इतकेच नव्हे तर वेलींच्या छाटणीची पद्धतही ठरवून दिलेली असते. पोर्तुगालमधील दोउरो खोऱ्याची हद्द तर १७५६ पासूनच, मुख्यतः भेसळीला आळा घालण्यासाठी, आखली जाऊ लागली होती (आणि तीही ग्रॅनाइटचे खांब रोवून).