स्लाईडवर बघून शुद्धलेखन बरोबर, तोंडी सांगितलं की चूक. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, तिसरीला मराठी शिकवते. प्रोजेक्टर मिळाल्यापासून शुद्धलेखनाचा सराव स्लाईडवर घेते, म्हणजे एका स्लाईडवर एक शब्द, बाजूला चित्र आणि मुलांनी वहीत लिहायचं. मुलं खूश, वर्ग शांत आणि वह्या एकदम स्वच्छ, म्हटलं जमलं बुवा! मग परवा तेच 10 शब्द स्लाईड न लावता नुसते तोंडी घातले तर निम्म्या वर्गाचं 'फुल', 'वकिल', आणि 'उज्ज्वल' तर विचारूच नका.

नंतर नीट बघितलं तेव्हा कळलं की पोरं शब्द लिहीतच नाहीत, चित्र काढल्यासारखं उतरवतात. मान वर, एक अक्षर, मान खाली, परत मान वर. वेलांटी पहिली की दुसरी हे डोक्यात जायची गरजच पडत नाही, शब्द समोर आहेच की.

त्यात मी अजून एक उद्योग केला, 'परीक्षा' आणि 'परिक्षा' शेजारी शेजारी टाकून बरोबर कोणता विचारलं. आधी ज्यांचं बरोबर यायचं ती पण आता अडखळतात :(

तर शब्द किती वेळ दाखवावा, आणि तो आपोआप गायब कसा करायचा? अ‍ॅनिमेशनमधलं मला फार कळत नाही. शिवाय माझ्या स्लाईडवर श आणि ल हिंदीसारखे येतात, मुलं विचारतात बाई हा कुठला ल?

प्रतिसाद 1
शब्द दिसतोय तोवर पेन्सिल खाली, एवढं एकच पाळा. बघायचं, मोठ्याने म्हणायचं, शब्द गेला की लिहायचं. अ‍ॅनिमेशनच्या नादी लागू नका, पॉवरपॉइंटमध्ये शब्दाच्या स्लाईडनंतर कोरी स्लाईड टाका आणि शब्दाच्या स्लाईडला ट्रान्झिशन्समध्ये 'आफ्टर'ला 5 सेकंद द्या. तेही नको असेल तर स्लाईडशो चालू असताना कीबोर्डवरचं बी दाबा, पडदा काळा होतो, परत दाबलं की शब्द हजर. मग ज्याने त्याने आपलं तपासायचं, चुकलेल्या अक्षराला गोल करायचा. खोडरबर अजिबात नको, खोडलं की नेमकं काय चुकलं तेच जातं.

प्रतिसाद 2
ताई, सुटे शब्द घेण्यापेक्षा गटाने घ्या. फूल, मूल, वकील, गरीब, सगळ्यांचं शेवटचं अक्षर अकारान्त म्हणून आधीचं दीर्घ. पुढच्याच स्लाईडवर फुलाला, मुलाला, वकिलाने, गरिबाला, बदललेली वेलांटी किंवा उकार तेवढा लाल. मुलांना यात गंमत वाटते, स्वतःच अजून शब्द शोधतात. फक्त गुण, विष असले तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले) शब्द त्यात मिसळू नका, ते यात बसत नाहीत. चुकीचं रूप पडद्यावर नकोच, बघून बघून तेच ओळखीचं होतं. श-लचं म्हणाल तर फॉन्ट बहुतेक मंगल असेल, मराठी वळणाचा घ्या आणि सेव्ह करताना एम्बेड करा, म्हणजे फॉन्ट फाईलमध्येच जातो, नाहीतर वर्गातल्या कॉम्प्युटरवर पुन्हा तेच.

धागाकर्ती
आज 6 शब्द असे घेतले. पडदा काळा झाल्यावर बरीच मुलं हवेत बोटाने उकार काढत होती, हे आधी कधीच बघितलं नव्हतं! पण दोघं जण शब्द गेल्याबरोबर रडकुंडीला आले, वाचतातच सावकाश. त्यांच्यासाठी सेकंद वाढवू की शब्द कमी करू? सेकंद वाढवले तर बाकीचे परत उतरवायला लागतील असं वाटतंय.