बचत गटाचे पैसे गटाबाहेरच्या बाईला देता येतात का? सोमवारच्या आत सांगा

पारिजात_14
गटाचे पैसे खात्यात पडून आहेत. आमच्या गल्लीतली भाजीवाली रोज सकाळी एकाकडून 900 घेते आणि संध्याकाळी 1000 परत करते. बघवत नाही. तिला आम्हीच महिना दोन टक्क्यांनी 10,000 द्यावेत म्हटलं, तर सचिव म्हणते ही सावकारी होईल. सोमवारी बैठक आहे. नक्की माहीत असलेल्यांनीच सांगा.

नदीकाठ
गाव की शहर? सभासद किती? पैसे बचतीचे की बँकेच्या कर्जाचे?

पारिजात_14
नगरपंचायत आहे. 14 जणी, दरमहा 200, चार वर्षं झाली. सगळी बचतच. आता सांगा.

जुनी_सीआरपी
सचिवताई बरोबर आहेत. गट कर्ज देतो ते सभासदांनाच. बाहेर व्याजाने पैसे फिरवायला लागलात तर 2014 च्या सावकारी कायद्याचा परवाना लागतो. मी गटांसोबत सहा वर्षं काम केलं. एका गटात कोषाध्यक्षांनी नणंदेला 15,000 दिले. ती सभासद नव्हती, वसुलीला कोण जाणार? गट मोडला.

मोकळं_रान
एकीला एकदा दिले म्हणून कोणी सावकार होत नाही, कायदा धंद्याला आहे. ग्रामीण बँकवाल्या मुहम्मद युनुस यांनी 1976 साली बांगलादेशातल्या जोब्रा गावात 42 जणांना मिळून 27 डॉलर दिले, तेव्हा परवाने बघत बसले नाहीत.

जुनी_सीआरपी
ते त्यांच्या खिशातले होते, दादा. इथे 14 बायकांनी पोटाला चिमटा काढून साठवलेत.

तिसरा_हप्ता
तिला मायक्रोफायनान्सकडे, म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांकडे, मात्र पाठवू नका. माझ्या वहिनीवर तीन ठिकाणचे हप्ते होते. एप्रिल 2022 पासून नियम आहे की घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. वहिनीला कोणी विचारलंच नाही.

नदीकाठ
नगरपंचायत असेल तर पीएम स्वनिधी बघा, फेरीवाल्यांसाठीची सरकारी कर्ज योजना. पहिलं कर्ज आता 15,000 पर्यंत मिळतं, तारण नाही. विक्रेता प्रमाणपत्र किंवा नगरपंचायतीचं शिफारसपत्र लागेल.

पारिजात_14
प्रमाणपत्र नाही, पत्रासाठी मंगळवारी जाते. पण तोवर ती रोज शंभर भरणार. तिला सभासदच करून घेतलं असतं, पण आमच्यातल्या दोघी नको म्हणतात. चार वर्षांच्या व्याजात ती फुकट वाटेकरी होईल, नाहीतर तिने आधी मागचे 9,600 भरावेत असं त्यांचं म्हणणं.

जुनी_सीआरपी
हे पहिल्यांदाच सांगायचं होतं! त्या दोघींचं चुकत नाही, पण 9,600 असते तर ती कर्ज कशाला मागेल? आजपर्यंतचं व्याज 14 जणींच्या पासबुकात वाटून टाका. ठराव लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. ती या महिन्यापासून 200 भरेल, तिचा वाटा इथून पुढचाच. पहिलं कर्ज 3,000 चं द्या. तेवढ्यात तिचं रोजचं भांडवल सुटतं. वसुली आठवड्याला ठेवा, तिचा पैसा रोजचा आहे.

मोकळं_रान
हे पटलं.

पारिजात_14
व्याजाचा हिशोब चार वर्षांत एकदाच झालाय. रजिस्टर सचिवांकडून आज रात्रीच आणते. त्या दोघींच्या घरीही जाऊन येते, बैठकीत विषय निघण्याआधी.