मदत हवी आहे : आपली माहितीपुस्तिका एआय एजंटला पुरते का, हे कसे तपासावे?

बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्र्यांसाठी आम्ही साठा-नोंदीची प्रणाली तयार करतो. तिचा एपीआय (इतर प्रोग्रामना प्रणालीशी जोडणारा दुवा) आता एआय एजंटही (स्वतःहून कामे पार पाडणारे एआय प्रोग्राम) वापरू लागल्यामुळे, या एपीआयची माहितीपुस्तिका एजंटला कितपत पुरेशी पडते हे मोजण्याची खात्रीशीर पद्धत मला हवी आहे. ओपनएपीआय वर्णन (एपीआयची यंत्राला वाचता येईल अशी ठरावीक साच्यातील माहिती) पूर्ण आहे, २०२४ मध्ये सुचवली गेलेली एलएलएम्स डॉट टीएक्सटी (llms.txt) ही एआय मॉडेलांना थोडक्यात माहिती देणारी फाइलही ठेवली आहे आणि तीच कामे पुस्तिकेसह व पुस्तिकेविना देऊन निकाल ताडून पाहिले आहेत. अडचण अशी की, 'वजन' या रकान्याचे एकक पुस्तिकेत कुठेही दिलेले नसताना एजंट किलो धरून चालतो आणि उत्तर बरोबर येते. परंतु भंगाराची नोंद टनांत करणाऱ्या कारखान्यात तोच अंदाज हजारपटीने चुकेल, आणि मला हीच बाब सर्वांत घातक वाटते. हे एकक लिहून टाकणे सोपे आहे, प्रश्न अजून न सापडलेल्या अशा जागांचा आहे. ग्राहकांच्या खऱ्या नोंदी बाहेर पाठवता येत नाहीत, त्यामुळे चाचणी बनावट नोंदींवरच घ्यावी लागेल. शिवाय वस्तूंची नावे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत आहेत. या मर्यादांत, एजंटने पुस्तिका वाचून उत्तर दिले की अंदाजाने, हे वेगळे ओळखता येईल अशा चाचण्या कशा रचाव्यात?