को-ऑपला 'सावड' म्हणावं का?

दुधना
एका ऑनलाइन रोल-प्लेइंग (एखादं पात्र होऊन खेळायच्या) खेळाची माहितीपुस्तिका मराठीत करतोय. एका सूचनेवर गाडी अडली आहे. आशय असा: कथा एकट्यानं पुढं न्यायची, शेवटच्या लढाईला चौघांची पार्टी, म्हणजे मिळून खेळणाऱ्यांचा गट लागतो, आणि ती लढाई त्या गटापुरत्या वेगळ्या जागेत, इन्स्टन्समध्ये होते. मिळालेल्या शब्दसूचीत सोलोला एकल, पार्टीला पक्ष आणि इन्स्टन्सला उदाहरण असे प्रतिशब्द आहेत. 'चौघांच्या पक्षाने वेगळ्या उदाहरणात लढावे' हे कुणाला कळणार? आणि को-ऑपला, म्हणजे मिळून खेळण्याला, काय म्हणू? 'सहकारी' म्हटलं की साखर कारखाना आठवतो.

मांजराकाठ
सावड म्हणा. एकेक बैलवाले दोघं मिळून औत जोडतात, आज तुझ्या रानात पाळी, उद्या माझ्या. 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक'मध्ये (२०११) आठ वर्गांच्या, म्हणजे पात्रप्रकारांच्या, आठ स्वतंत्र कथा आहेत. मित्राच्या वर्गकथेत सोबत जाता येतं, लढता येतं, संवाद बघता येतो, पण बोलायचं त्यानंच. पुढं सरकते ती त्याची कथा. तुमची सरकवायला त्याला तुमच्याकडं यावं लागतं. ही सावडच झाली.

'पार्टी' तर नकोच. आपल्याकडं पार्टी म्हणजे पुढाऱ्याचा पक्ष, जेवणावळ, नाहीतर पैसेवालं गिऱ्हाईक.

रानजाई
सावड शब्दाला माझा ठाम विरोध आहे. तिसऱ्या दिवशी राख सावडतात. बटणावर 'सावड करा' वाचून घरातली मोठी माणसं दचकतील.

मांजराकाठ
सावडणं म्हणजे विखुरलेलं गोळा करणं. पेरणीच्या दिवसांत 'आमची त्यांच्याशी सावड आहे' म्हटल्यावर कुणी दचकत नाही. दोन्ही शब्द एकाच मुळाचे असतील असं मला वाटतं, बैल गोळा करा नाहीतर अस्थी.

रानजाई
रानात बोलताना संदर्भ सोबत असतो. बटणावर तो नसतो.

पूर्णाकाठ
मुळाचं राहू द्या, फरक बघा. 'गेन्शिन इम्पॅक्ट' (२०२०) आपल्याकडं बरीच पोरं फोनवर खेळतात. अ‍ॅडव्हेंचर रँक, म्हणजे खेळाडूची पातळी, १६ झाली की को-ऑप उघडतं, एका जगात जास्तीत जास्त चौघं. जग यजमानाचं, पाहुण्याला पेटी उघडता येत नाही, आणि को-ऑप चालू असेपर्यंत कथेच्या मोहिमा पुढं जात नाहीत. ही सावड नाही, इर्जिक आहे. सगळ्यांनी औतं घेऊन एकाच्या रानात जायचं. डोमेनमध्ये (बक्षिसासाठी लढायच्या बंद जागेत) मात्र प्रत्येक जण आपापलं रेझिन (खेळातली ऊर्जा) खर्चून आपापलं बक्षीस घेतो. तिथं ना सावड ना इर्जिक, नुसती सोबत. तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तिन्हींना एकच शब्द लावला तर नवा खेळाडू फसतो. तासभर राबतो आणि स्वतःची मोहीम जिथल्या तिथं बघून चिडतो. शब्द निवडण्याआधी एवढंच विचारा: प्रगती कुणाच्या खात्यावर पडते?

बालाघाट
'एकल'बद्दल. बीडकडं एकल महिला म्हणजे विधवा, परित्यक्ता. तो शब्द त्या कामाला लागलेला आहे, त्याला खेळात ओढू नका. सूचनेत साधं 'एकट्यानं' लिहा. नाम हवं असेल तर 'एकांडा' घ्या. एकांडा म्हणजे स्वतःच्या घोड्यानिशी एकटा चाकरी करणारा स्वार. फौजेत असूनही कुठल्या पथकात नाही. हजारोंच्या जगात एकट्यानं कथा खेळणारा नेमका असाच असतो. मग पार्टीला 'पथक' आपोआप जुळतं.

दुधना
एकांडा आवडला. इन्स्टन्सचं काय?

पूर्णाकाठ
'प्रत'. गुहा नकाशावर एकच, पण पथक आत शिरलं की सर्व्हर त्या पथकासाठी गुहेची वेगळी प्रत काढतो. त्यामुळं दोन पथकं एकाच राक्षसावर भांडत नाहीत. फेजिंग मात्र निराळं, ते प्रतीत कोंबू नका. तिथं जागा तीच, पण प्रत्येकाला आपल्या मोहिमेच्या टप्प्याप्रमाणं दिसते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'नं २००८ च्या विस्तारात हे भरपूर वापरलं. तुला गाव जळालेलं, मला शाबूत. नकाशावर मित्राचा ठिपका माझ्याच ठिपक्यावर, आणि समोर माणूस नाही. दोघांतला एक जण दोन पायऱ्या पुढं गेलेला असतो, बाकी काही बिघडलेलं नसतं. २०१९ मध्ये पार्टी सिंक ही सोय आल्यावर सगळ्यांना एका टप्प्यावर आणता येऊ लागलं.

मांजराकाठ
मग फेजला पापुद्रा म्हणा. भाकरी एकच, फुगली की पापुद्रे दोन. 'तो दुसऱ्या पापुद्र्यात आहे' हे तव्यापाशी बसणाऱ्या कुणालाही कळेल.

रानजाई
पापुद्रा चांगला. पण सरळ इन्स्टन्स, फेज, को-ऑपच लिहिलं तर काय बिघडतं? खेळाच्या पडद्यावर तेच शब्द आहेत. पोरगं पुस्तिकेत 'पथक' वाचून पडद्यावर पथक शोधत बसेल.

बालाघाट
पहिल्यांदा येईल तिथं दोन्ही शब्द शेजारी ठेवा, पुढं मराठी. आणि रोल-प्लेइंगला 'भूमिका' नको, 'सोंग' घ्या. पैठणचे नाथ भारुडात जोशी झाले, गारुडी झाले, ती सोंगंच.

मांजराकाठ
'सोंग करू नको' हे वाक्य प्रत्येक घरात आहे. सोंग म्हणजे ढोंग असाच अर्थ आता आधी येतो.

बालाघाट
गावच्या जत्रेत सोंगं निघतात तेव्हा ढोंग आठवत नाही. बिघडलेला अर्थ वापरूनच सुधारतो.

पूर्णाकाठ
आणखी एक जागा शब्दावाचून राहिली. गर्दीत असून कथा एकट्याची. 'फायनल फँटसी चौदा'मध्ये प्रेटोरियमची मोहीम आठ जणांची होती. नवखा कथेची दृश्यं बघत थांबायचा, जुने खेळाडू पुढं पळायचे, तो पोचेपर्यंत लढाई संपलेली. मग दृश्यं कुणालाच वगळता येणार नाहीत असं केलं, तर जुने कंटाळले. २०२२ च्या ६.१ आवृत्तीत मोहीम चौघांवर आणली आणि शेवटची लढत एकट्याची केली. अशा एकट्यासाठी राखलेल्या तुकड्याला काय म्हणाल?

मांजराकाठ
'मपली गोष्ट'. 'गिल्ड वॉर्स २'मधल्या पर्सनल स्टोरीलाही हेच चालेल. 'माझी'पेक्षा 'मपली'त आपलेपणा जास्त. माझं आणि आपलं मिळून मपलं झालं असणार.

रानजाई
मग 'तुपलं' कशातून आलं? तुझं आणि आपलं? तुझं असेल तर आपलं कसं?

बालाघाट
आपला म्हणजे स्वतःचा. 'तू आपलं बघ' म्हणतोच की. पण मपलं-तुपलं बीड-जालन्याकडं तोंडात बसलंय, साऱ्या मराठवाड्याचं नाही.

दुधना
को-ऑपचं बटण अजून रिकामंच आहे. सूचना अशी केली: 'कथा एकट्यानं पुढं न्या. शेवटच्या लढाईला चौघांचं पथक जमवा, लढाई पथकाच्या वेगळ्या प्रतीत होईल.'

रानजाई
त्या लढाईनंतर प्रगती चौघांच्या खात्यावर पडते का एकाच्या? तेही सूचनेत लिहा. आणि 'मपली गोष्ट' घ्यायची का, तेही अजून ठरलं नाही.