राजदूत ३५० (रेसची गाडी): पुढचा ब्रेक धरत नाही, शू कुठे मिळतील?

सातारारोड

नमस्कार मंडळी. मामांची १९८५ची राजदूत ३५० गेल्या दिवाळीत माझ्याकडे आली. मामा ही गाडी चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर रेसला पळवायचे. हेडलाइट, इंडिकेटर त्यांनी तेव्हाच उतरवलेले. पुढच्या ब्रेक प्लेटला त्यांनी स्वतः ड्रिलने पाडलेली आठ भोकं आहेत, वारा आत जाऊन ड्रम (चाकाच्या मधला पोकळ डबा, ब्रेक याच्या आत लागतो) थंड राहावा म्हणून. इंजिन बांधून झालंय, झकास चालतंय. मामा आता ७१चे आहेत. त्यांना घेऊन चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जायचंय आणि त्यांच्यादेखत चार फेऱ्या मारायच्यात.

अडलंय ते पुढच्या ब्रेकवर. जुने शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे चंद्रकोरीसारखे तुकडे) झिजले होते, म्हणून एका दुकानातून 'ओरिजिनल' म्हणून नवे आणले. बसवल्यावर ब्रेक आधीपेक्षा कमी लागायला लागला. लीव्हर मऊ, जोरात दाबला की ग्रिपला टेकतो. शिवाय हळू वेगात ब्रेक लावला की लीव्हर बोटांखाली धडधडतो, धरतो-सोडतो असं होतं. मोकळ्या रस्त्यावर ८०-९० वरून तीन-चार वेळा थांबवून पाहिली, चौथ्या वेळी जवळजवळ काहीच लागलं नाही.

दोन प्रश्न. खात्रीचे शू कुठे मिळतील? आणि सगळे म्हणतात तसा डिस्क ब्रेक बसवून मोकळं व्हावं का? मन होत नाहीये.

पेठेतला

शूसाठी पुण्यात नाना पेठेत फिरा. दिल्लीला कुणी ओळखीचं असेल तर करोल बाग, चेन्नईला जाताय तर पुदुपेट. पण डब्यावरच्या नावावर जाऊ नका. जुने शू सोबत न्या आणि काउंटरवरच व्हर्नियर लावा: पट्ट्याची रुंदी, लायनरची (शूवर चिकटवलेल्या घर्षणाच्या पट्टीची) जाडी, पिन बसते त्या खाचेपासून कॅम (शू बाहेर ढकलणारा फिरता तुकडा) टेकतो त्या टोकापर्यंतचं अंतर. दिसायला सारखे असलेले शू अर्ध्या मिलिमीटरने फसवतात.

अजून एक. ३०-३५ वर्षं डब्यात पडून असलेला कोरा जुना माल मिळाला तर आनंद होतो, मलाही होतो. पण लायनर चिकटवलेला असतो आणि तो चिकटा इतक्या वर्षांत मरतो. पळत्या गाडीत लायनर सुटून ड्रममध्ये अडकला तर पुढचं चाक जागच्या जागी जाम होईल. असा शू दोरीला टांगून पान्याने हलका ठोका. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर लायनर कुठेतरी सुटलाय. रेससाठी मी तरी आवाज कसाही येवो, शूचं अॅल्युमिनियम तेवढं वापरेन आणि लायनर नवा चिकटवून घेईन.

उद्यमनगर

सातारारोड, शू आणायची घाई करू नका. तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत असं मला वाटतं. आधी एक सांगा, चाकाची रिम बदललीत का? किंवा स्पोक ताणून घेतलेत?

सातारारोड

हो! रिम गंजली होती. नवी रिम, नवे स्पोक, मागच्या महिन्यातच. धडधड त्यानंतरच सुरू झाली, आता लक्षात येतंय.

उद्यमनगर

मग ड्रम गोल राहिलेला नाही. हब अॅल्युमिनियमचा, आत बिडाची रिंग. ३६ स्पोक त्याला चहूबाजूंनी ओढतात. ताण कमी-जास्त झाला की ड्रम अंडाकृती होतो. डोळ्यांना दिसत नाही, पण डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापयंत्र) लावलं की काटा बोलतो. मी ०.२५ मिमीपर्यंत फरक पाहिलेला आहे, आणि तेवढा हाताला स्पष्ट कळतो.

म्हणून क्रम असा: आधी चाक नीट ट्रू करून घ्या, म्हणजे न डगमगता फिरेल असं, सगळे स्पोक एकसारख्या ताणावर. नंतर स्पोकसकट अख्खं चाक लेथवर चढवून ड्रम आतून टर्न करायचा, म्हणजे कातून गोल करायचा. सुटा हब टर्न करून नंतर स्पोक भरले तर केलेलं सगळं पाण्यात. १८ इंची चाक साध्या लेथवर फिरत नाही, गॅप बेड (मोठं चाक फिरायला खाली मोकळी जागा असलेला लेथ) लागतो. आमच्याकडे कोल्हापूरला उद्यमनगरात असे लेथ आहेत, पण काम करणाऱ्याला आधी समजावून सांगा की फक्त गोल होईल एवढंच घ्यायचं. ड्रमच्या आत बहुधा कमाल व्यास कोरलेला असतो, त्याच्या जवळ गेलात तर थांबा.

आता दुसरी तक्रार. नव्या लायनरवर शाळेतला खडू घासा, आडवा, पूर्ण रुंदीवर. प्लेट बसवा, चाक फिरवून ब्रेक लावा, पुन्हा उघडा. जिथला खडू पुसला तेवढाच शू टेकतोय. फोटो टाका.

सातारारोड

केलं. एका शूवर मधोमध अंगठ्याएवढा ठसा, बाकी पट्टा पांढराच्या पांढरा. दुसऱ्या शूवरचा खडू जसाच्या तसा. तो टेकतच नाहीये!

उद्यमनगर

बघा, तुम्ही पाव ब्रेकवर गाडी चालवत होतात. ट्रॅकवर नेली नाहीत हे बरं झालं.

राजदूतचा पुढचा ब्रेक ७ इंची, दोन लीडिंग शूचा. चाक ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला लीडिंग शू स्वतःहून ड्रममध्ये ओढला जातो, म्हणून हाताचा जोर वाढून लागतो. साध्या ड्रममध्ये असा एकच शू असतो, इथे दोन. त्यासाठी दोन कॅम, आणि त्यांना जोडणारी बाहेरची दांडी. ती दांडी लांब-आखूड झाली की एक शू टेकतो, दुसरा हवेत, आणि सगळा ताण एका कॅमवर. लीव्हर मऊ लागतो तो त्यानेच.

दांडी एका टोकाला सोडवा. पहिला कॅम हाताने फिरवून शू टेकेपर्यंत आणा, तिथेच धरून ठेवा. दुसराही तसाच. या अवस्थेत दांडीची लांबी अशी जुळवा की पिन जोर न लावता आत जाईल. मग चाकाची एक्सलची नट थोडी सैल करून चाक फिरवा, ब्रेक करकचून दाबा आणि दाबलेल्या स्थितीतच नट आवळा. प्लेट आपोआप मध्यावर येते. शेवटी केबल अशी लावा की ब्रेक पूर्ण लागल्यावर केबल आणि कॅमचा लीव्हर यांच्यात साधारण काटकोन असेल. काटकोनाच्या पुढे गेला तर हातातला जोर वाया जातो.

पण दांडी जुळवणं शेवटी. आधी ड्रम. मग लायनर जरा जाड चिकटवून घ्या, शू प्लेटवर बसवा, कॅमखाली पाऊण मिलिमीटरची पत्र्याची पट्टी सरकवा म्हणजे शू किंचित उघडे राहतील, आणि प्लेटसकट लेथवर ड्रमच्या मापाला टर्न करा. पट्टी काढली की शू आत येतात, ब्रेक लावला की पूर्ण टेकतात. चाक फिरताना लायनरचं जे टोक आधी येतं, ते कानशीने थोडं उतरतं करा, म्हणजे ब्रेक एकदम चावणार नाही.

वळणवाट

एक कळकळीची सूचना. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, फुंकर तर अजिबात नको. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. लेथवाल्यालाही मास्क द्या. तो बिचारा दिवसभर तिथेच उभा असतो.

आणि व्हील बेअरिंगचं सील बघा. ग्रीस वितळून ड्रममध्ये उतरलं तर कितीही चांगला लायनर बाद. कॅमला ग्रीस लावताना बोटाच्या टोकावर मावेल एवढंच.

डिस्कबद्दल: सरसकट 'डिस्क लाव' असं मी म्हणणार नाही. आपली राजदूत ३५० म्हणजे यामाहाच्या आरडी ३५०चीच भारतीय आवृत्ती, आणि परदेशातल्या आरडी ३५०ला पुढे डिस्क होतीच, तेव्हा गाडीच्या रक्तात ती नाही असं नाही. पण दुसऱ्या गाडीचे फोर्क, हब, मास्टर सिलिंडर एकत्र केलं की मास्टरचा (लीव्हरजवळ तेल ढकलणारा) आणि कॅलिपरचा (डिस्क आवळणारा) पिस्टन एकमेकांना साजेसा आहे का ते तपासावं लागतं. मास्टर मोठा झाला तर लीव्हर दगडासारखा, लहान झाला तर ग्रिपला टेकतो. चार फेऱ्यांसाठी मामांची गाडी एवढी उघडू नका.

मिडलँड्सचा_मराठी

इंग्लंडमधून लिहितोय, मूळचा सांगलीचा. इकडे जुन्या रेसच्या गाड्यांत ड्रम अजून मानाने पळतात. यामाहाच्या टीझेड ३५० या रेस गाडीलाही १९७५पर्यंत पुढे ड्रमच होता, चार शूंचा. म्हणजे ड्रम म्हणजे कमकुवत असं नाही, जुळवलेला नाही म्हणून कमकुवत.

ट्रॅकवर लक्षात ठेवा: टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग (अॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनानेच गाडी मंदावणं) नावालाच. चारपट ऊर्जा म्हणजे काय ते ड्रमला विचारा, कारण ताशी ६० ऐवजी १२० वरून थांबवताना तेवढी जिरवावी लागते. नवे लायनर आधी रस्त्यावर मध्यम वेगात वीस-पंचवीस वेळा लावून बसवून घ्या, मध्ये थंड होऊ द्या. पहिल्याच दिवशी तापवलेत तर लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो. रेसला तापल्यावरही धरणारा लायनर मागा.

मामांची भोकं बुजवू नका. आतून बारीक जाळी लावा, खडे आत जाणार नाहीत. पावसात मात्र चालवू नका.

सातारारोड (पाच आठवड्यांनी)

झालं! कोल्हापूरला जाऊन आलो. डायल गेजवर ०.३ मिमी फरक निघाला. स्पोक जुळवल्यावर निम्मा फरक गेला, उरलेला लेथवर. लायनर जुन्याच शूंवर नवे चिकटवले, नव्याने आणलेले शू पट्ट्याने दोन मिलिमीटर अरुंद निघाले. केबलही बदलली, जुनीचं बाहेरचं वेटोळं दबून आखूड झालं होतं.

खडूची चाचणी पुन्हा केली. आता दोन्ही शूंवर टोकापासून टोकापर्यंत पुसला जातो, एका कडेला तेवढी नखाएवढी पांढरी रेघ राहिलीय.

उद्यमनगर

ती रेघ शंभर किलोमीटरमध्ये जाईल. कानस लावू नका.

सातारारोड

नाही लावत. काल मामांना गाडीजवळ नेलं. ते बसले नाहीत, शेजारी उभे राहिले आणि फक्त पुढचा लीव्हर दाबला. दोनदा. मग म्हणाले, केबल अर्धा आटा सैल कर, तापल्यावर ड्रम फुगतो खरा, पण शूही फुगतो. सैल केली. उरलेले किलोमीटर या रविवारी कास पठारच्या रस्त्याने पुरे करतो.